मोरॅगमावशीची फळी

मोरॅगमावशी माणसांशी ओळख करून घेण्याआधी जमिनीशी करून घ्यायची. कुठल्याही हॉलमध्ये शिरली की दारातच थांबायची, उजव्या पायाची टाच खाडकन आपटायची, मान जरा तिरकी करायची आणि निकाल द्यायची. "जिवंत आहे." किंवा "मेलीय." दोहातल्या निम्म्या हॉटेलांच्या जमिनी तिने माझ्यादेखत मृत घोषित केल्या. एका बड्या हॉटेलचा मॅनेजर तिला कौतुकाने सांगत होता की हा संगमरवर थेट इटलीहून आणलाय. मावशीने टाच आपटली, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "ऐकून फार वाईट वाटलं." त्या बिचाऱ्याला वाटलं, आपल्या घरी कुणाचं काही बरंवाईट झालं. त्याने तिथल्या तिथे गावी फोन लावून आईची चौकशी केली.

माझी बायको म्हणते, ह्यांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं. द्या खुशाल. मोरॅगमावशीच्या बाबतीत उरलेलं निम्मंसुद्धा दोन माणसांना पुरेल.

मी दत्ता, देवरुखकडचा सुतार. दोहात स्टेज उभारणाऱ्या कंपनीत आहे. लग्नं, परिषदा, शाळांची गॅदरिंगं, कुठल्या तरी अत्तराचं उद्घाटन. आज राजवाडा उभा करायचा, उद्या मोडून ट्रकात घालायचा. शहाजहानने एक ताजमहाल बांधला आणि त्याचं एवढं नाव झालं. मी महिन्याला चार बांधतो आणि चारही पाडतो. माझ्या हातचं टिकलेलं असं या देशात एकच काम आहे, ते म्हणजे एक फळी. आणि ती फळी मोरॅगमावशीची.

पहिली भेट अशाच एका कार्यक्रमाला झाली. स्टेज तयार होतं, वर लालभडक नवाकोरा गालिचा. मी आणि रफीक शेवटचे खिळे तपासत होतो. रफीक राजापूरचा, अल वक्र्याला आमची खोली एक, डबा एक आणि भांडणंही एकच, रोज तेच. एवढ्यात चार माणसं चार काळ्या पेट्या घेऊन आली. खजुराच्या झाडाएवढा उंच एक गृहस्थ, तो कॅलम, इथल्या एका इंग्रजी शाळेत भूगोल शिकवणारा. त्याची बायको आयलीन, दातांची डॉक्टर, पण स्वतः इतकी हसायची की पेशंटपेक्षा तिचेच दात जास्त दिसत. त्यांची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी कर्स्टी, जिच्या तोंडात एक तर च्युइंगम असायचं नाही तर प्रश्न. आणि मागून लोकरीचा स्वेटर घातलेली, पांढऱ्याशुभ्र केसांची, मुठीएवढी म्हातारी. बाहेर ऊन असं की मी सकाळी उन्हात ठेवलेल्या पान्यावर रफीकने पापड भाजला होता, आणि ही स्वेटरमध्ये! नंतर मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "आमच्या बेटावर मागच्या वर्षी उन्हाळा एका गुरुवारी आला होता. मी नेमकी दुकानात गेले होते, माझा चुकला."

स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात कुठलं तरी बेट आहे, तिथली ही. नवरा मासेमारीवरचा, तो गेल्यावर मुलाने तिला दोहाला आणलं. ती बोलायची इंग्रजीच, पण असं खडबडीत इंग्रजी की निम्मं मला तिच्या हातवाऱ्यांवरूनच कळायचं. इथे मी ते आपल्या मराठीत सांगतोय. एखादा शब्द माझ्या पदरचा असला तर मावशी वरून माफ करील.

तर ती स्टेजवर चढली, गालिच्यावर टाच आपटली. धप्प. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मलाच विचारलं, "हिला केव्हा पुरलीत?"

रफीक हळूच म्हणाला, "म्हातारी सटकलीय काय रे?"

पण मला कळलं. अहो, मी बारा गणपती जाखडी नाचलेला माणूस. बुवा आणि ढोलकीवाला मध्ये बसतात, आम्ही भोवती गोल धरतो, एका पायात चाळ बांधून. शेणाने सारवलेलं अंगण चांगलं टणक असलं तर पाय बोलतो; ओल असली तर पाय मुका. माझा पाय बोलला की समोरच्या डोंगरावरचा कोल्हा उत्तर द्यायचा, हे मी सांगितलं की रफीक जेवायचा थांबतो आणि हात धुवून येतो. ते असो. मी गालिचा गुंडाळला आणि मागून प्लायवूडचा एक उरलेला तुकडा आणून तिच्या खुर्चीपुढे टाकला. तिने टाच आपटली, मान तिरकी केली.

"बेशुद्ध आहे," ती म्हणाली, "पण नाडी लागते. नाव काय तुझं?"

"दत्ता."

"डाटा," ती म्हणाली. त्या दिवसापासून कंपनीतले निम्मे लोक मला कॉम्प्युटरवाला समजतात.

त्यांच्याकडे वाजवायचं ते म्हणजे आपलं व्हायोलिनच; पण तसं म्हटलं की मावशीला राग यायचा. "व्हायोलिन ऐकायला लोक खुर्च्या मांडतात," ती म्हणायची, "फिडल ऐकायला खुर्च्या बाजूला सारतात." समोर कागद नाही, कुणी एक-दोन-तीन म्हणणारा नाही. ती मधल्या खुर्चीवर बसायची, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सून, टोकाला नात. मावशी टाच टाकायची. टक. टक. टक. आणि चार गज एकदम तारांवर उतरायचे, जशी चार माणसं एका दमात होडीला खांदा देतात. कॅलम खालचा सूर धरून चालायचा, आयलीन त्याच्याभोवती वेल चढवायची, कर्स्टी वर पतंगासारखी सुटायची, आणि या सगळ्यांच्या मधोमध म्हातारी शांत, तोंडावर रेषा नाही, फक्त टाच चाललेली. त्या संध्याकाळी एक काठीवाले आजोबा काठी टाकून नाचायला उठले. ती काठी अजून आमच्या गोडाऊनमध्ये पडलीय. आजोबा परत आलेच नाहीत. गरजच उरली नसणार.

एक गोष्ट मात्र मला त्याच दिवशी खटकली होती. चौघांचे कपडे झकास, पण कॅलम, आयलीन आणि कर्स्टी यांच्या पायांत बूट असे की आमचे साइटवरचे सेफ्टी शूज त्यांच्यापुढे बाळाचे मोजे. नाजूक आयलीन, गुडघ्यापर्यंत हिरवा झगा आणि खाली जणू दोन लोखंडी इस्त्र्या. मी म्हटलं, थंड मुलखातली माणसं, बर्फ तुडवायची सवय असेल.

दुसऱ्याच आठवड्यात वक्र्याला एक जुना लाकडी मचवा मोडत होते. मी त्यातली सागाची एक फळी मागून आणली. वास घेतला आणि रफीकला सांगितलं, हा साग आपल्याकडचाच. शंभर वर्षांपूर्वी समुद्रमार्गे इकडे आला आणि माझी वाट बघत थांबला.

"वास डिझेलचा येतोय," रफीक म्हणाला. "दत्ता, तू उद्या खिळासुद्धा देवरुखचा आहे म्हणशील."

रंधा मारला, खाली दोन पट्ट्या ठोकून मधे पोकळी ठेवली आणि रफीकच्या मदतीने मदिनत खलीफातल्या त्यांच्या व्हिलावर घेऊन गेलो. मावशीने टाच आपटली. टक्क! खिडकीबाहेरचं कबुतर उडालं. तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "ही बोट कुठे कुठे जाऊन आलीय, सगळं सांगतेय." मी रफीककडे असं पाहिलं की बोलायची सोय नाही.

त्यानंतर मी घरचाच झालो. शुक्रवारी कधी दार नीट कर, कधी कपाट, आणि ते झालं की मावशीच्या हातचा चहा. चहा असा कडक की चमचा उभा राहायचा आणि वर सलामही करायचा. ती शिकवायला बसली की कर्स्टीवर सारखी गरजायची, "आधी टाच, मग हात!" कर्स्टी कुरकुरायची की सूर कठीण आहे. त्यावर मावशीचं ठरलेलं वाक्य होतं, "सूर पाहुणा असतो ग, ताल घरचा माणूस. पाहुणा जरा उशिरा आला तर चालतं. घरचा माणूस घरात नसला की घर खायला उठतं."

एका शुक्रवारी मी गेलो तर दार नुसतं लोटलेलं. बेल वाजवली. हाक मारली. आत मावशी पाठमोरी बसून एकटीच वाजवत होती. "मावशी!" मी म्हटलं. माझा आवाज लहान नाही. गावी मी आईला हाक मारली की शेजारच्या वाडीतल्या चार म्हाताऱ्या ओ द्यायच्या. पण ही हलली नाही. मी अगदी मागे जाऊन पुन्हा ओरडलो. काही नाही. मग पुढे येताना माझा पाय त्या फळीच्या टोकावर पडला, आणि त्याच क्षणी ती गर्रकन वळली.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. ती माझ्या पायाकडे बघत होती, मी तिच्या कानांकडे.

"बस," ती म्हणाली. "आणि बोलताना तोंड माझ्याकडे कर."

मग तिने सांगितलं. कान कधीपासूनच मिटत चालले होते. आधी पक्षी गेले, मग दाराची बेल, मग कर्स्टीचे वरचे सूर. यंत्र लावून पाहिलं तर फिडल पत्र्यावर नखं ओढल्यासारखं लागायचं. ते तिने मोज्यांच्या खणात टाकून दिलं. "माझं फिडल मला हनुवटीतून ऐकू येतं," तिने लाकडावर हनुवटी टेकवून दाखवली. "आणि त्यांचं..." तिने फळीवर टाच घासली. "त्यांचे पाय थोडे थोडे इथवर पोचतात. तेवढ्यावर चाललंय."

"घरी सांगा की."

"सांगू? आणि मग काय होईल, माहितीय?" ती माझ्याकडे वाकली. "कॅलम चांगला मुलगा आहे. तो मला कधी 'वाजवू नकोस' म्हणणार नाही. तो माझी खुर्ची उचलून पहिल्या रांगेत नेऊन ठेवील. वर शाल घालील. मी तिथे बसायचं आणि आपल्याच घरच्यांना टाळ्या वाजवायच्या. आई, सासू, नवरा, सगळ्यांच्या बरोबर मी त्या मधल्या खुर्चीवर वाजवलंय, डाटा. मला तिथून उठायचं नाही. निदान जिवंतपणी नाही."

कुणाला सांगणार नाही, अशी मी छातीवर हात ठेवून शपथ घेतली.

"मग मला अजून एक काम करून दे," ती म्हणाली. "फळी लांब कर. चौघांचे पाय मावतील एवढी."

त्या मचव्याच्या उरलेल्या फळ्या मी पुन्हा मागून आणल्या. जोड असे बसवले की केसही शिरू नये. रफीकने खालच्या पट्ट्या तासून दिल्या. त्याला मी काही सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नाही. ते लांबलचक धूड पाहून कॅलम डोकं खाजवत म्हणाला, "आई, हे गाडीत कसं न्यायचं?"

"तुझे पाय बाहेर काढ, जागा होईल," मावशी म्हणाली. "एका भांड्यातलं सूप पिणाऱ्यांनी पायही एकाच फळीवर ठेवावेत."

कॅलम हसला आणि गुपचूप फळी उचलायला लागला. आयलीन नाही, कर्स्टी नाही, कुणीच वाद घातला नाही. मला तेव्हा वाटलं, आईच्या धाकातली माणसं. अख्ख्या कतारमध्ये हे गुपित एकट्या मला ठाऊक, या नादात मी अशा ऐटीत चालायचो की सिक्युरिटीवाले मला सलाम करायचे.

मधल्या काळात गणपती आले. ओल्ड एअरपोर्टला एका मराठी कुटुंबाच्या घरी आम्ही दरवर्षी जमतो. हॉलमधलं फर्निचर बाजूला सारून आमची पाच-सहा कोकणची पोरं जाखडीचा फेर धरतात. त्या वर्षी मी मोरॅगमावशीला घरच्यांसकट घेऊन गेलो, फळीसकट. यजमानांची मुलं इंग्रजीत विचारत होती की ही आजी कोणत्या गावची. मी म्हटलं, आमच्याच, जरा पलीकडची. आमचा बुवा गायला लागला, ढोलकी चढली, आमचे पाय पडायला लागले. मावशी फळीवर टाच टेकवून बसली होती, डोळे आमच्या पायांवर. दोन फेर झाले असतील नसतील, तिने फिडल हनुवटीखाली घेतलं आणि आमच्या पायांवर तिचं काहीतरी बांधून दिलं. मग तिची तिन्ही माणसं मिसळली. बुवांना गाणं सोडवेना आणि तिला गज सोडवेना. गणपतीच्या हातातला मोदक हलताना मी स्वतः पाहिला. प्रसाद घेताना ती मला म्हणाली, "तुमची माणसं पायांनी इतकं छान गातात. मग तो मधला मनुष्य ओरडत का असतो?"

हिवाळा आला आणि कॅलमचं शाळेतलं कंत्राट संपलं. परत जायचं ठरलं. जाण्यापूर्वी एका हॉटेलच्या हॉलमध्ये चौघांचा शेवटचा कार्यक्रम. स्टेज अर्थातच आमचं. मी फळीला तेल पाजलं, पुसली, जागेवर ठेवली आणि मागच्या पडद्यांचं बघायला गेलो.

आमचा साउंडवाला जॉर्जचेट्टा, केरळचा. देवमाणूस, आणि कामाचा असा कडक की मुंगी चालली तरी त्याला माइकमध्ये ऐकू येते. त्याला त्या फळीचा नेहमीच त्रास. चार माणसांचं पाय आपटणं त्याच्या माइकमध्ये ढगांसारखं गडगडायचं. त्या दिवशी शेवटचा कार्यक्रम, रेकॉर्डिंग होणार, त्या कुटुंबाला एक छान आठवण द्यायची, म्हणून त्या भल्या माणसाने काय केलं? फळीच्या खाली जाडजूड फोम सरकवला. वरून काळं कापड. कुणाला दिसायची सोय नाही. प्रेमाने केलेलं काम होतं. म्हणूनच ते इतकं बरोबर बसलं होतं.

हॉल भरला. पहिलं होतं मावशीचं एकटीचं, संथ, ज्यात पाय नसतो. हनुवटी होती तिच्याजवळ. काही अडलं नाही. ते तिच्या नवऱ्यासाठी होतं म्हणे. मी विंगेत उभा होतो आणि माझ्या डोळ्यांत भुसा गेला. भुसा त्या दिवशी हॉलमध्ये कुठेच नव्हता, पण गेला.

मग चौघांचं सुरू झालं. मावशीने टाच टाकली.

धप्प.

ओल्या पोत्यावर पाय पडल्यासारखा. तिचा चेहरा हलला नाही, पण मी पाहिलं, तिने पुन्हा एकदा टाच टाकली. धप्प. तोवर गज उतरले होते. ती एकटी पुढे गेली. कॅलम तिला गाठायला धावला, तोवर ती थांबून मागे आली. अरुंद दारात दोन माणसं समोरासमोर येतात, दोघंही एकाच बाजूला सरकतात, मग दोघंही दुसऱ्या बाजूला, तसं चाललं. आयलीनने मान खाली घालून पाय जिवाच्या आकांताने आपटायला सुरुवात केली, पण फोम तो सगळा आवाज गिळत होता. शेवटी मावशीने गज उचलला आणि मांडीवर ठेवला. एक एक करत बाकीचे थांबले. हॉलमध्ये एसीचा आवाज तेवढा. म्हातारी आपल्या बुटाकडे बघत बसली होती, आणि पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. मला ती खुर्ची दिसली. तिलाही दिसली असणार.

मी काही विचार केला नाही. विचार करणारा माणूस सुतारकामाच्या कपड्यांत, कमरेला हातोडा लटकवून अशा हॉलच्या स्टेजवर जात नाही. "रफीक, यल्ला, चल!" म्हणालो आणि घुसलो. रफीक मागून, हातात पाण्याची बाटली तशीच. पण मी पोचायच्या आत कर्स्टी खुर्चीवरून उतरून गुडघ्यांवर बसली होती आणि फळीखालचं काळं कापड उपसत होती. तिच्या हाताला फोम लागला. तिने वर बघितलं. त्या पोरीच्या तोंडात त्या दिवशी च्युइंगम नव्हतं.

"दत्ताअंकल, उचला," ती इंग्रजीत पुटपुटली. "आजीपर्यंत आमचे पाय पोचत नाहीयेत."

हिला कसं माहीत?

दुसऱ्या टोकाला कॅलम आधीच वाकला होता. आयलीनने फळीवरचे पाय एकदम वर घेतले. मावशीनेसुद्धा, झोपाळ्यावरच्या मुलीसारखे. मी आणि रफीकने फळी वर धरली, कर्स्टीने खालून फोम ओढला, आणि तो लांबच लांब निघतच राहिला, जादूगाराच्या टोपीतल्या रुमालासारखा. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. टाळ्या पडल्या. रफीकने वाकून नमस्कार केला. अजून करतो, तो विषय निघाला की.

फळी टेकवताना कॅलमचं डोकं माझ्या डोक्याजवळ आलं. मी हळूच विचारलं, "तुम्हाला ठाऊक आहे?"

"दोहाला यायच्या आधीपासून," तो ओठ न हलवता म्हणाला. "तुलाही?"

तेव्हा माझं लक्ष त्याच्या बुटांकडे गेलं. त्या लोखंडी इस्त्र्यांसारख्या बुटांकडे. आयलीनच्या. कर्स्टीच्या. दोहाच्या त्या उकाड्यात, कार्यक्रमामागून कार्यक्रम, ही तिघं पायांत शेर-शेर वजन बांधून हिंडत होती, म्हातारीच्या टाचेपर्यंत पोचावं म्हणून. आणि मी ऐटीत चालत होतो!

आम्ही उतरलो. मावशीने टाच टाकली. टक्क. थांबली. तीन जोड बूट एकदम पडले, असे पडले की माझ्या स्टेजचे खांब दणाणले आणि मागे जॉर्जचेट्टाने हेडफोन काढून डोकं धरलं. मावशीचा गज उतरला. त्यानंतर त्या हॉलमध्ये जे झालं ते मी सांगणार नाही, कारण ते जसंच्या तसं सांगितलं तरी तुम्ही निम्मं सोडून द्याल, आणि या वेळी ते मला चालणार नाही.

नंतर जॉर्जचेट्टा रडवेला होऊन मावशीजवळ आला, मोडक्या इंग्रजीत माफी मागायला लागला. तिने त्याच्या गालावर थोपटलं. "बाळा, तू गादी घातलीस," ती म्हणाली. "म्हाताऱ्या माणसांना सगळे गादीच घालतात."

निघायच्या आदल्या दिवशी मी व्हिलावर पेट्या ठोकायला गेलो. फळी विमानात जाण्यासारखी नव्हती. मी म्हटलं, कापून चार तुकडे करू, एकेकाला एकेक. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कर्स्टीचे चार तुकडे करायला निघालो होतो.

"घरी माझ्या स्वयंपाकघराची सगळी जमीन लाकडाची आहे," ती म्हणाली. "ही तुझी. हिला पायांखाली ठेव, भिंतीला टेकवून ठेवू नकोस. फळी उभी राहिली की वारते."

मग इकडेतिकडे बघून तिने हळूच विचारलं, "त्या दिवशी कुणाला काही कळलं नाही ना?"

माझी अवस्था ओळखा. एका बाजूला तिला दिलेली शपथ, दुसऱ्या बाजूला कार्यक्रमानंतर कॅलमने मला घातलेली, की आम्हाला ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नकोस. खोटं बोलण्यात माझा हात धरणारा कोकणात नाही, पण त्या दिवशी जीभ चालेना. तोंड तिच्याकडे करून मी म्हटलं, "नाही मावशी. कुणालाच नाही."

तिने बराच वेळ माझे ओठ वाचले. मग बाहेर व्हरांड्यात ओळीने मांडून ठेवलेल्या त्या तीन अवजड जोडांकडे पाहिलं.

"या घरातल्या सगळ्यांचे बूट इतके जड का," ती म्हणाली, "हे मी कधी कुणाला विचारलं नाही. तूही विचारू नकोस." आणि चहा ओतायला उठली.

ती गेली त्याला आता काही महिने झाले. कॅलमचा फोन आला होता. शेवटपर्यंत मधल्या खुर्चीवर बसत होती. शेवटी शेवटी बोटं थांबली, तर नुसती टाच टाकायची. तिला निरोप देऊन आल्यावर तिघं स्वयंपाकघरात वाजवायला बसली. मधली खुर्ची रिकामी ठेवली होती. "आणि गंमत बघ," कॅलम म्हणाला, "तिघंही तेच बूट घालून बसलो होतो. तितक्याच जोरात आपटत. हलके पाय टाकायला आम्ही विसरूनच गेलोय."

त्या संध्याकाळी कामावरून आल्यावर मी वक्र्याच्या खोलीत फळी मधोमध ओढली. रफीक म्हणाला, "काय झालं?" मी सांगितलं. बाहेर काढून ठेवलेले सेफ्टी शूज त्याने आत आणले, एक जोड माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः फळीच्या दुसऱ्या टोकाला बसला. आम्हा दोघांना कसलंही वाद्य येत नाही. पाय तेवढे येतात.

थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरचा माणूस वर आला आणि दार ठोठावून हिंदीत ओरडला, अरे, बहिरे आहात काय!

रफीकने माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही पाय आणखी जोरात आपटले.